परभाषेच्या सहवासात मंदावलेली जर्मन वाणी आणि वाङ्मयवाचन

मातृभाषा कोणी विसरत नाही, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. प्रौढ वयात देशांतर केलेला मनुष्य चाळीस-पन्नास वर्षांनंतरही आपल्या भाषेत बाजारहाट करू शकतो, प्रकृतीची विचारपूस करू शकतो, वेळ आली तर भांडूही शकतो. परंतु भाषा येणे आणि भाषा वश असणे या दोन भिन्न गोष्टी होत. पैकी दुसरी पुष्कळ आधी जाते, आणि ती गेल्याचे बोलणाऱ्यास बहुधा ऐन प्रसंगीच उमगते. प्रस्तुत लेखात जर्मन ही ज्यांची मातृभाषा आहे व ज्यांनी दीर्घ काळ परभाषिक देशांत काढला, अशा व्यक्तींच्या संदर्भात या दुसऱ्या गोष्टीचा विचार करावयाचा आहे. असे गेलेले वाक्प्रभुत्व वाङ्मयाच्या वाचनाने परत मिळते काय, आणि मिळत असल्यास कोणत्या मार्गाने, एवढाच मर्यादित प्रश्न येथे घेतला आहे.

प्रश्न सुचला तो एका प्रसंगावरून. माझ्या परिचयाच्या एक जर्मन बाई तीस वर्षांहून अधिक काळ पुण्यात राहत आहेत. घरात मराठी, बाहेर मराठी आणि इंग्रजी. जर्मन उरली ती धाकट्या बहिणीशी दूरध्वनीवर बोलण्यापुरती. काही वर्षांपूर्वी भाऊ वारला म्हणून त्या दक्षिण जर्मनीतील आपल्या गावी गेल्या. अंत्यविधीनंतर जमलेल्या मंडळींपुढे घरच्यांपैकी कोणी दोन शब्द बोलावेत अशी अपेक्षा होती, आणि भावंडांत थोरल्या म्हणून त्या उभ्या राहिल्या. "वाक्ये आली, पण ती सांत्वनाच्या छापील पत्रांतली होती," असे त्यांनी मला परत आल्यावर सांगितले. भावाविषयी जे सांगावयाचे होते ते मराठीत सांगता आले असते. ज्या भाषेत तो त्यांचा भाऊ होता त्या भाषेत सांगता आले नाही. मी जरा निर्दयपणे विचारले, व्याकरणाच्या चुका झाल्या काय? एकही झाली नाही, असे त्या म्हणाल्या. आणि मला ते खरे वाटते.

ते खरे वाटावे याला आधार आहे. डच विद्यापीठांतून दीर्घ काळ काम केलेल्या भाषाशास्त्रज्ञ मोनिका श्मिड यांनी ड्युसेलडोर्फ येथून हिटलरच्या काळात बाहेर पडलेल्या व पुढे इंग्रजीभाषी देशांत स्थायिक झालेल्या ज्यू व्यक्तींच्या ध्वनिमुद्रित मुलाखती तपासल्या. त्यांचे पुस्तक २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावरही जर्मन वाक्याचा सांगाडा बहुतेकांच्या बोलण्यात उभा होता, ही त्यातील एक लक्षणीय बाब. दुसरी अधिक विचार करावयास लावणारी आहे. भाषेची झीज कोणाच्या बाबतीत किती झाली, याचा उलगडा देश सोडतानाचे वय किंवा नंतर लोटलेली वर्षे यांवरून होईना. तो झाला देश सोडण्याच्या काळावरून. १९३५ च्या आधी गेलेल्यांची जर्मन सर्वांत चांगली टिकली होती. नोव्हेंबर १९३८ च्या हत्याकांडानंतर गेलेल्यांची सर्वांत अधिक झिजली होती, आणि ती जर्मनीत अधिक वर्षे राहूनही! ज्या भाषेत अपमान सोसला ती भाषा मनुष्य आपली म्हणून जवळ बाळगू इच्छितो की नाही, यावर तिचे पुढील आयुष्य अवलंबून राहिले. हा मुद्दा आरंभीच सांगून ठेवतो, कारण वाचनाच्या उपायाविषयी पुढे जे म्हणावयाचे आहे ते सर्व या अटीच्या आत राहूनच खरे आहे. नको असलेली भाषा पुस्तकाने परत येत नाही.

सांगाडा टिकतो, तर जाते काय? मराठी वाचकास हे समजावून देण्यासाठी तीन-चार स्थळे पुरेशी होतील.

पहिले स्थळ शब्दांच्या सोयरिकीचे. मराठीत आपण हाक 'मारतो', पैज 'लावतो', उसासा 'टाकतो'. या जोड्या व्याकरणाच्या नियमाने सिद्ध होत नाहीत. त्या ऐकून-वाचूनच अंगवळणी पडतात. 'हाक केली' असे कोणी म्हटले तर अर्थ कळतो, पण बोलणारा परका ठरतो. जर्मनमध्ये निर्णयाला 'ट्रेफन' हे क्रियापद लागते, ज्याचा मूळ अर्थ गाठणे किंवा नेम लागणे. प्रश्नाला 'श्टेलन', म्हणजे उभा ठेवणे. निरोपाला मात्र आपल्यासारखेच 'नेमन', म्हणजे घेणे. परभाषेच्या सहवासात या सोयरिकी आधी सैल होतात आणि 'माखन', म्हणजे करणे, हे सर्वकामी क्रियापद त्यांच्या जागी येऊन बसते. वाक्य चुकत नाही, ते निस्तेज होते.

दुसरे स्थळ निपातांचे. 'ये' आणि 'ये ना', 'सांग' आणि 'सांग बरे', 'आहे' आणि 'आहे की' यांतील अंतर कोणत्याही कोशात नीट सांगितलेले नसते, पण घरातील माणूस आणि पाहुणा यांतील अंतर तेच असते. जर्मन बोलीत 'डोख', 'माल', 'या', 'एबन', 'वोल' हे चिमुकले शब्द हेच काम करतात. 'कॉम' म्हणजे ये. 'कॉम डोख' म्हणजे ये ना, आढेवेढे कशाला? इंग्रजीत यांना नेमका जोडीदार नाही, आणि म्हणून इंग्रजीच्या सहवासात ते बिनबोभाट गळतात. माझ्या परिचित बाईंना त्यांची बहीण एकदा म्हणाली होती की तू अलीकडे फार सभ्य बोलतेस. बहिणीने नकळत भाषाशास्त्रीय निदानच केले होते.

तिसरे स्थळ क्रियारूपांचे. दुसऱ्याचे म्हणणे आपण केवळ पोहोचवीत आहोत, त्याची हमी देत नाही, हे दाखविण्यासाठी जर्मन भाषेत क्रियापदाचे स्वतंत्र रूप आहे. 'तो आजारी आहे' याला 'एर इस्ट क्रांक', तर 'तो आजारी आहे म्हणे' याला 'एर झाय क्रांक'. आपण जे काम 'म्हणे' या एका शब्दावर सोपवितो ते तेथे क्रियापदाच्या अंगातच मुरलेले असते. दैनंदिन बोलण्यात हे रूप फारसे ऐकू येत नाही. ते राहते वृत्तपत्रांत आणि कथाकादंबऱ्यांत. हीच गोष्ट साध्या भूतकाळाची. दक्षिण जर्मनीच्या बोलण्यात त्याची जागा बहुतेक क्रियापदांपुरती संयुक्त भूतकाळाने केव्हाच घेतली आहे. कथनाचा काळ म्हणून तो जगतो तो ग्रंथांत. म्हणजे दक्षिणेकडील जर्मन माणसाला आपल्या भाषेचा एक मोठा भाग मुळात वाचनातूनच मिळालेला असतो. जे वाचनातून आले ते वाचन थांबताच प्रथम ओसरावे, यात आश्चर्य नाही. आणि ते वाचनाने परत यावे, ही अपेक्षाही त्याच कारणाने योग्य ठरते.

येथे ओसरणे हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, नष्ट होणे नव्हे. हेर्मान एबिंगहाउस याने १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्मृतिविषयक ग्रंथात विस्मरण मोजण्याची एक युक्ती सांगितली आहे. आठवते काय असे न विचारता, पुन्हा पाठ करावयास किती कमी श्रम पडतात ते पाहावे. त्याने तरुणपणी बायरनच्या 'डॉन जुआन' काव्यातील कडवी पाठ केली होती. बावीस वर्षांनी त्यांपैकी काही म्हणून दाखविता येईना. पण जुनी कडवी पुन्हा पाठ करण्यास, त्याच काव्यातील नव्या कडव्यांहून, कमी वेळ लागला. जे आठवत नव्हते ते पुसले गेलेले नव्हते. अलीकडे मिशेल पॅराडी यांनी याच गोष्टीची मांडणी निराळ्या परिभाषेत केली आहे. शब्द वापरात असला की तो जागा होण्यास थोडी चेतना पुरते; न वापरता पडून राहिला की अधिक लागते; आणि त्याच अर्थाचा परभाषेतील शब्द रोज वापरात असेल तर जुन्याला दडपून ठेवावे लागते, म्हणून आणखी अधिक. त्यांच्याच मांडणीत एक पोटमुद्दा आहे, जो आपल्या प्रश्नाला निर्णायक ठरतो: शब्द ओळखण्यास लागणारी चेतना तो स्वतः उच्चारण्यास लागणाऱ्या चेतनेहून कमी असते.

याचा अर्थ असा की वाचनाने शब्दांशी भेट होते खरी, पण भेट झाली म्हणजे शब्द जिभेवर आला असे नव्हे. बाईंनी मला सांगितले की पुण्यातील पहिल्या दहा-बारा वर्षांत त्या जर्मन कादंबऱ्या बऱ्याच वाचीत असत. त्याचा बोलण्यावर काही परिणाम झाल्याचे त्यांना आठवत नाही. मला हे अगदी स्वाभाविक वाटते. कथानकाच्या ओढीने केलेले मूक वाचन वाक्याच्या रचनेवरून घसरत पुढे जाते. वाङ्मयाने भाषा सुधारते असे जे सरसकट सांगितले जाते, आणि आपल्याकडेही मराठीच्या बाबतीत जे नित्य सांगितले जाते, त्यात ही गफलत असते.

मग वाचनाचा उपयोग कोणता? एक तर भेटीचाच. रोजच्या संभाषणाचा शब्दसंग्रह आपण समजतो त्याहून फार लहान असतो. हेज व आरेन्स यांनी १९८८ मध्ये इंग्रजीपुरती केलेली एक गणना आहे. तीत लहान मुलांच्या पुस्तकांतही विरळ शब्दांचे प्रमाण पदवीधर प्रौढांच्या आपापसांतील संभाषणापेक्षा अधिक आढळले. तेव्हा आठवड्यातून एकदा बहिणीशी बोलून जी जर्मन टिकेल ती भाजीपाला, हवापाणी आणि गुडघेदुखी यांचीच असणार. दुसरा उपयोग अधिक महत्त्वाचा. वाङ्मयात शब्द सोयरिकीसह, निपातांसह, आपापल्या क्रियारूपासह भेटतात. कोश शब्द देतो, वाङ्मय त्याचे गणगोत देते. परंतु हे गणगोत ताब्यात यावयाचे तर वाचनाला उच्चाराची आणि पुनःकथनाची जोड मिळाली पाहिजे.

देशांतर केलेल्या लेखकांचे दाखले या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. हाना आरेण्ट यांनी १९३३ मध्ये जर्मनी सोडली. फ्रान्समधून त्या १९४१ मध्ये अमेरिकेस पोहोचल्या आणि पुढे त्यांचे बहुतेक लेखन इंग्रजीत झाले. १९६४ मध्ये ग्युन्टर गाउस यांनी जर्मन दूरचित्रवाणीसाठी त्यांची मुलाखत घेतली. काय उरले, या प्रश्नाला त्यांचे उत्तर होते की मातृभाषा उरली. त्यापुढे त्यांनी दिलेले कारण मात्र फारसे कोणी लक्षात घेत नाही. जर्मन कवितेचा मोठा भाग आपल्याला मुखोद्गत असून तो मनाच्या मागच्या बाजूस सतत चालू असतो, असे त्या म्हणाल्या. ज्यांनी आपली भाषा सोडली त्यांची नवी भाषा ठरीव वाक्यांच्या साखळीने चालते, कारण निर्मितीचा झरा जुन्या भाषेत होता व तो तोडला गेला, असेही निरीक्षण त्यांनी नोंदविले. पाठ असलेली कविता ही ओळखण्याची गोष्ट राहत नाही. ती म्हणताना प्रत्येक शब्द स्वतः उच्चारावा लागतो. आरेण्ट यांच्याजवळ जे होते ते पॅराडींच्या भाषेत बोलावयाचे तर अखंड सराव होता, आणि त्यासाठी समोर जर्मन माणूस असण्याची गरज नव्हती.

एलिआस कानेट्टी यांची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. त्यांची घरची भाषा बल्गेरियातील ज्यूंची स्पॅनिश. जर्मन त्यांना आठव्या वर्षी, १९१३ मध्ये, लोझान येथे आईने शिकविली. हातात पुस्तक न देता, वाक्ये ऐकवून आणि ती जशीच्या तशी म्हणवून घेऊन. १९३९ पासून ते इंग्लंडात होते. युद्धकाळात आपल्याला शब्दांचे झटके येत, कागदावर एकामागून एक सुटे जर्मन शब्द भराभर उमटत, त्यांचे वाक्य होत नसे, असे त्यांनी १९६९ मध्ये म्यूनिख येथे केलेल्या एका भाषणात सांगितले आहे. सभोवती ऐकू न येणारी भाषा आतून अशी धडका देते! पण ज्याने ही भाषा प्रथम तोंडानेच गिरविली होती, त्याच्याच बाबतीत ती अशी सुट्या शब्दांच्या रूपाने उसळून यावी, हा केवळ योगायोग असेल असे मला वाटत नाही. मात्र हे माझे अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे.

पेटर वाइस यांनी उलट वाट चोखाळली. बर्लिनजवळ जन्मलेला हा लेखक १९३९ मध्ये स्वीडनला गेला, तेथील नागरिक झाला, स्वीडिश भाषेत पुस्तके लिहू लागला. १९५२ च्या सुमारास तो जर्मनकडे परतला; त्या वेळी लिहिलेली छोटी कादंबरी छापली गेली १९६० मध्ये. तीत निवेदक भोवतालची एकेक वस्तू, एकेक हालचाल अशा सावकाशीने नावानिशी मांडीत जातो, की भाषेची पुन्हा उजळणी चालली असावी. १९६५ मध्ये हाम्बुर्ग येथे लेसिंग पारितोषिक स्वीकारताना वाइस यांनी याच भाषाहानीवर भाषण केले. क्लाउस मान यांनी आपले आत्मचरित्र आधी इंग्रजीत लिहिले (१९४२) आणि मग स्वतःच जर्मनमध्ये पुन्हा रचले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मूळ इंग्रजीहून पुष्कळ विस्तारलेले आहे. मुंबईशी संबंध असलेले एक नाव येथे घेतले पाहिजे. बर्लिनच्या 'डी लिटरारिशे वेल्ट' या साप्ताहिकाचे संपादक विली हास हे १९३९ ते १९४७ या काळात भारतात होते आणि त्यांनी मुंबईत भवनानी यांच्या चित्रसंस्थेसाठी पटकथा लिहिल्या. युरोपात परतल्यावर त्यांनी हाम्बुर्गमध्ये जर्मन टीकालेखन पुन्हा सुरू केले आणि ते अखेरपर्यंत चालविले. लेखकांचे दाखले सामान्य माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे उघडच आहे. भाषा हा ज्यांचा धंदा आहे त्यांनी ती टिकविली तर नवल कसले?

म्हणून बाईंकडे परत वळतो. भावाच्या प्रसंगानंतर त्यांनी ग्रंथालयातून पुस्तके आणण्यास पुन्हा आरंभ केला, आणि काय वाचावे असे मला विचारले. मी प्रथम योहान पेटर हेबेल सुचविला. बाडेनमधील पंचांगासाठी त्याने लिहिलेल्या गोष्टींचा संग्रह १८११ चा आहे. गोष्टी एक-दोन पानांच्या, शेतकऱ्यांच्या घरी मोठ्याने वाचल्या जाव्यात अशा बेताने रचलेल्या, आणि दक्षिणेच्या बोलण्याचा त्यांत नाद आहे. सकाळी एक गोष्ट मोठ्याने वाचावयाची, पुस्तक मिटावयाचे, ती आपल्या शब्दांत सांगावयाची, मग पुन्हा उघडून पाहावयाचे की हेबेलने जेथे नेमके क्रियापद वापरले तेथे आपण 'माखन' किती वेळा म्हटले. जर्मन शाळांतून 'नाखएर्त्सेलुंग' या नावाने मुलांकडून हेच करून घेतात. बाईंना ते नाव ऐकून हसू आले. निपातांसाठी थेओडोर फोन्टाने. त्याच्या 'डेअर श्टेखलीन' या अखेरच्या कादंबरीत घडत जवळजवळ काहीच नाही, माणसे बोलत राहतात. आणि हेच येथे हवे होते. परोक्तीच्या रूपांसाठी मी क्लाइस्टची 'मिखाएल कोलहास' (१८१०) सांगितली. ही सूचना फसली. त्यातील दुसऱ्याचे म्हणणे सांगणारी वाक्ये इतकी लांब आणि गुंतागुंतीची आहेत की मोठ्याने वाचताना दम लागतो, असे म्हणून त्यांनी ती आठ दिवसांत परत केली. तो दोष माझा. मी रूपांचा विचार केला, फुप्फुसांचा केला नाही.

वर्षभराने त्यांनी बहिणीला लिहिलेली काही पत्रे, आधीची आणि नंतरची, मला पाहावयास दिली. एका व्यक्तीच्या पत्रांवरून सिद्धान्त काढता येत नाही, आणि मी येथे आकडे देत नाही. परंतु जुन्या पत्रांत सर्व काही 'सुंदर' होते आणि वाक्ये 'आणि'ने जोडलेली होती. नव्या पत्रांत 'डोख' आणि 'वोल' आपापल्या जागी येऊन बसले होते. आणि भावाविषयी एक लांब परिच्छेद होता, लहानपणी त्याने शेजाऱ्याच्या झाडावरची नासपती कशी पाडली याचा, जो आरंभापासून शेवटपर्यंत साध्या भूतकाळात लिहिला होता.

या उपायाची एक बाजू मात्र दडवून चालणार नाही. एकोणिसाव्या शतकातून परत आणलेली भाषा एकोणिसाव्या शतकाची खूण घेऊनच येते. दरम्यान जर्मन पुढे गेलेली असते. अविवाहित स्त्रीला लावावयाचे 'फ्रॉयलाइन' हे संबोधन पश्चिम जर्मनीच्या सरकारी व्यवहारातून १९७२ मध्ये बाद झाले. १९९६ मध्ये शुद्धलेखनाचे नियम बदलले. याची दुसरी बाजू अशी की जुन्या ग्रंथांत भाषा पुढच्या एका डागापासून मुक्त असते. व्हिक्टर क्लेम्पेरर यांनी १९४७ मधील आपल्या पुस्तकात दाखविले आहे की नाझी राजवटीने साध्यासुध्या जर्मन शब्दांनाही कसे विष चढविले आणि छळले जाणारे लोकही ते शब्द नकळत कसे वापरू लागले. हद्दपार झालेल्यांपैकी काहींनी जुन्या वाङ्मयालाच धरून राहावे, यामागे केवळ स्मरणरंजन नव्हते. तथापि ज्याला आजच्या जर्मन माणसांत बोलावयाचे आहे त्याने फोन्टानेबरोबर आजच्या लेखकांचेही संवाद वाचावेत आणि वृत्तपत्रही वाचावे, हे उघड आहे.

बाईंनी गेल्या उन्हाळ्यात महाबळेश्वरहून बहिणीला पत्र लिहिले आणि तेथील मुक्कामाला 'झोमरफ्रिशे' असा शब्द वापरला. उन्हाळ्यात शहर सोडून थंड हवेच्या गावी जाऊन राहणे, असा त्याचा अर्थ. महाबळेश्वराला तो इतका चपखल बसतो की मराठीत आपल्याला असा एक शब्द असावयास हवा होता असे वाटते. बहिणीचे उत्तर आले, की हा शब्द आपल्या आजीनंतर कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता, तुला तो कोठे सापडला? बाईंनी मला विचारले की ही चूक समजावयाची काय. मी कोश पाहिला. कोशात त्यापुढे 'जुना' अशी खूण आहे. तसे मी त्यांना कळविले. पुढच्या पत्रात त्यांनी तो पुन्हा वापरला आहे.